ला इंदू

१५ ऑक्टोबर २०१७, रविवार. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूझवेल्ट अव्हेन्यूवर, सात नंबरच्या ट्रेनच्या लोखंडी पुलाखाली आमची पांढरी व्हॅन उभी होती. बाहेर फुगे, टेबल, टेबलावर रंगीत निरोधांनी भरलेला काचेचा वाडगा आणि स्पॅनिशमध्ये पाटी : एचआयव्ही तपासणी, मोफत, गोपनीय, निकाल एका मिनिटात. चार तासांत व्हॅनमध्ये दोन माणसं चढली. पहिल्याला लघवीला जायचं होतं. दुसऱ्या बाई फ्लूची लस मिळते का विचारायला आल्या होत्या. नाही म्हटल्यावर, आम्ही फसवून वर चढवल्यासारखं बघत उतरून गेल्या.

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या समाजासाठी एड्स जागृतीचा वेगळा दिवस २००३ पासून १५ ऑक्टोबरला पाळतात. लॅटिनो वारसा महिन्याचा तो शेवटचा दिवस. म्हणून फुगे. संध्याकाळी ते फोडताना माझ्या मनात एकच विचार होता, की या लोकांना काम जमत नाही, मला जमेल. सांगली जिल्ह्यात हायवेवर ट्रकवाल्यांमध्ये मी चार वर्षं काढली होती. धाब्याच्या बाजेवर बसून, तंबाखू मळणाऱ्या माणसाशी निरोधावर बोलायची सवय होती. शिवाय मीही स्थलांतरित, मीही सावळी. मला वाटलं, निम्मं काम तिथेच झालं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले होते. एच-४ व्हिसावाल्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेल्या बायकांना कामाचा परवाना मिळू शकेल असा नियम २०१५ मध्ये झाला आणि माझा परवाना दोन वर्षांनी हातात पडला. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकले होते, तेवढ्या भांडवलावर एका छोट्या संस्थेत आधी स्वयंसेवक म्हणून आणि मग अर्धवेळ कामाला लागले. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाकडंही लिहिणार आहे. माणसांचे तपशीलही ओळखू येणार नाहीत एवढे बदलले आहेत.

पहिल्याच आठवड्यात माझं बारसं झालं. स्पॅनिशमध्ये भारतीयाला ‘इंदियो’ म्हणणं अवघड, कारण तो शब्द तिकडच्या मूळनिवासींसाठी वापरतात आणि बऱ्याचदा शिवीसारखाच. म्हणून भारतातून आलेल्या कुणालाही, धर्म कुठलाही असो, रस्त्यावरची माणसं ‘हिंदू’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर उच्चारत नाहीत. तेव्हा मी झाले ‘ला इंदू’. माझ्या आत्याचं नाव इंदू. अरेपा विकणारी कोलंबियन बाई पुलाखालून ‘ए, इंदू’ अशी हाक मारायची तेव्हा दर वेळी क्षणभर आत्याच आठवायची.

तपासणी करायची तर प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते आम्हाला दिलं एका साठीच्या बाईंनी. कोलंबियाच्या, तीस वर्षं याच भागात राहिलेल्या, आधी घरकाम करणाऱ्या आणि मग प्रोमोतोरा झालेल्या. प्रोमोतोरा म्हणजे आपल्याकडच्या आशाताईंची दूरची बहीण म्हणता येईल. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, थोडं शिकवून आरोग्याच्या कामाला लावलेली बाई. सगळे त्यांना नुसतं ‘दोन्या’ म्हणत, आपण ‘बाई’ म्हणतो तसं. मीही तेच म्हणते.

प्रशिक्षणात आम्ही एकमेकांची बोटं टोचायची होती. रक्ताचा थेंब पहिल्या बाटलीत टाकायचा, ती पांढऱ्या पटलावर ओतायची, मग निळ्या द्रावाची दुसरी, मग तिसरी. एक निळा ठिपका दिसला तर काही नाही. दोन दिसले तर पुढची प्रयोगशाळेतली तपासणी करायची. माझी पाळी आली तेव्हा दोन्यांनी विचारलं, ‘शेवटची तपासणी कधी केलीस?’

‘कधीच नाही. मला गरज नाही. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झालीत.’

दोन्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तळहात वर करून माझ्यापुढे धरला. चार वर्षं ट्रकवाल्यांना आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणीच्या सरकारी केंद्रात धाडणारी मी, पण माझ्या हाताला घाम सुटला. नवऱ्यावर संशय नव्हता. तरी ते मिनिट मोजता येईना. एक ठिपका उमटला. दोन्या म्हणाल्या, ‘आता पाटी वाच.’ मी वाचली : निकाल एका मिनिटात. त्या म्हणाल्या, ‘ही कुणी लिहिली ते मला माहीत नाही. ज्याने लिहिली त्याने ते मिनिट काढलेलं नसणार.’

भाषेने मला नीट खाली उतरवलं. पुण्यात शिकलेली स्पॅनिश स्पेनची होती. त्यात ‘घेणे’ याला साधा शब्द ‘कोहेर’. मी वाडग्याकडे हात करून मेक्सिकन तरुणांच्या एका घोळक्याला अतिशय अदबीने सांगितलं, की आपण हवे तेवढे घ्या. मेक्सिकोत त्या क्रियापदाचा अर्थ संभोग करणे. पोरं इतकी हसली, की एक जण पुलाच्या खांबाला धरून उभा राहिला. पण त्या दिवशी त्यांनी निम्मा वाडगा रिकामा केला, हेही खरं.

दुसरा शब्द ‘पेना’. पुस्तकात अर्थ होता दुःख, कीव. इथे कोलंबियन, मेक्सिकन बायका म्हणायच्या, ‘मे दा पेना’. मी दोन महिने समजत होते, की या विषयाने त्यांना वाईट वाटतं. त्या म्हणत होत्या, मला लाज वाटते. आणि ‘पोसितिवो’. निकाल पॉझिटिव्ह आला म्हणजे चांगलाच आला, असं वाटून घरी जाऊन गोड खाल्लेल्या माणसाची गोष्ट दोन्या सांगायच्या. मला ती विनोदी वाटली नाही, कारण मिरजेत मी तसाच एक माणूस बघितला होता.

एक गोष्ट मात्र मला न शिकवता जमली. इंग्रजीतून आलेल्या आमच्या पत्रकांमध्ये वाचणाऱ्याला सरसकट ‘तू’ म्हटलेलं असे. दोन्यांच्या वयाच्या कोलंबियन बायका मुलांनाही ‘उस्तेद’, म्हणजे अहो-जाहो करतात. अनोळखी माणसाने पहिल्याच वाक्यात ‘तू निरोध वापरतेस का’ असं विचारलं तर आपल्याकडची पन्नाशीची बाई काय करेल? मी ऑफिसात हे सांगितलं तेव्हा पत्रकाचा खर्च आधीच झाला होता. तीच पत्रकं आणखी सहा महिने वाटली. त्यांवर ‘लॅटिनएक्स’ असा, स्त्री-पुरुष भेद टाळणारा शब्द छापलेला होता, तो मी रूझवेल्ट अव्हेन्यूवर कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. २०२० साली प्यू रिसर्च सेंटर या संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वतःला लॅटिनएक्स म्हणवणारे शंभरात तीन निघाले. ते तिघं आमच्या ऑफिसात असावेत.

आणि ‘लॅटिनो’ तरी कुठे एक? रूझवेल्ट अव्हेन्यूच्या त्या दीड मैलात कोलंबिया आहे, एक्वादोर आहे, पेरू आहे, मेक्सिकोचं पुएब्ला राज्य तर जवळजवळ सगळंच आहे. एक्वादोरच्या डोंगरातून आलेल्या एका माणसाला मी तीनदा फॉर्म समजावला. तो दर वेळी मान हलवायचा आणि सही करायचा नाही. दोन्यांच्या लक्षात आलं, की त्याची भाषा किचुआ आहे, स्पॅनिश त्यालाही माझ्याइतकीच परकी. गडचिरोलीच्या माडियाला मराठीतून फॉर्म देण्यासारखं ते.

व्हॅन चालत नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. मग आम्ही आधी झालेल्या कामांकडे बघितलं. नॉर्थ कॅरोलिनात लॅटिनो फुटबॉल संघांमधलेच खेळाडू निवडून त्यांना आरोग्याचे वाटाडे केलं होतं. त्या कार्यक्रमाचं नाव ‘ओम्ब्रेस’, म्हणजे पुरुष. आमच्याकडे फ्लशिंग मेडोज पार्कमध्ये दर रविवारी लॅटिनो लीगचे सामने होतात, तेव्हा वाटलं, हे आयतंच आहे. गेलो. पहिल्या संघाच्या कप्तानाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, जर्सी देणार का. दुसरा म्हणाला, आमच्यात तसलं कुणी नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या मंडळींनी आधी तिथल्या लोकांबरोबर वर्षानुवर्षं बसून कार्यक्रम घडवला होता. आम्ही तीन रविवारांत तो उचलून आणायला निघालो होतो. मैदानाच्या कडेला तामाल आणि मोरोचो विकणाऱ्या बायका मात्र आमच्याशी बोलायला लागल्या. मोरोचो म्हणजे फोडलेल्या मक्याची दालचिनी घातलेली गरम खीर. आपल्या गव्हाच्या खिरीचा नमुना. मी एका बाईला कृती विचारली. तिने माझी विचारली. गूळ, खसखस, जायफळ असं सांगत बसले. पाऊण तास गेला, एड्सचा ‘ए’ निघाला नाही. उठताना ती म्हणाली, मंगळवारी आम्ही सगळ्या लाँड्रीत असतो, ये.

तिथून खरं काम सुरू झालं. न्यूयॉर्कमधल्या बहुतेक जुन्या घरांमध्ये कपडे धुवायचं यंत्र नसतं. नाक्यावरच्या लाँड्रीत, म्हणजे लावान्देरियात, आठवड्याचा बोजा घेऊन जायचं. धुणं अर्धा तास, वाळवणं पाऊण तास. तेवढा वेळ बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रिकाम्या बसलेल्या असतात, नवरा नाही, मालकीण नाही, आणि यंत्रांच्या घरघरीत शेजारचीला काही ऐकू जात नाही. व्हॅनच्या गोपनीयतेवर आम्ही पडदे आणि कुलपं यांचा खर्च केला होता. व्हॅनमध्ये चढणं मात्र अख्ख्या रस्त्याला दिसायचं.

दोन्यांनी टेबल मांडलं, पण एचआयव्हीचं नाही. शुगर आणि ब्लड प्रेशर. मधुमेह त्या वस्तीत घरोघरी, लाज कसलीच नाही. बोट टोचतोच आहोत, तर आणखी एक थेंब घेऊ का, हे शेवटी विचारायचं. बायकांची उत्तरं दोनच. ‘मला गरज नाही’ आणि ‘माझा नवरा चांगला आहे’. दोन्या वाद घालत नसत. त्या माझ्याकडे बोट करायच्या, ‘ही इंदू पण असंच म्हणाली होती.’ मग बायका माझ्याकडे वळायच्या आणि प्रश्न सुरू व्हायचे. नवरा काय करतो? मुलं किती? का नाहीत? सासू कुठे असते? लग्न ठरवून केलं, म्हणजे आधी बघितलंच नव्हतंस? मला वाटायचं, वेळ जातोय. सांगलीत मी माहिती देणारी बाई होते, माझ्याबद्दल कुणी विचारत नसे आणि मी सांगत नसे. इथे मी त्या खुर्चीत आधी स्वतः उत्तरं दिल्याशिवाय कुणी बोट पुढे करत नव्हतं.

ऑफिसला हे आवडलं नाही. पैसा देणाऱ्यांना आकडे लागतात : किती तपासण्या आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह. लाँड्रीत तपासण्या खूप आणि पॉझिटिव्ह जवळजवळ शून्य. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो तेव्हा शंभरात एकोणीस होते. सीडीसी, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ३१,८०० नव्या एचआयव्ही लागणी झाल्या, त्यातला एक तृतीयांश वाटा त्यांचा. आणि त्यांत बहुसंख्य समलिंगी आणि उभयलिंगी पुरुष, तरुण. ते लाँड्रीत माझी खीर ऐकायला बसणार नव्हते. त्यांच्यापर्यंत जायचा तो आमचा पुएब्लाचा सहकारी, रात्री अकरानंतर, रूझवेल्टवरच्या बारमध्ये. तो त्यातलाच. त्याला फुगे लागत नसत. नाचता नाचता सांगायचा, की जोखमीचा प्रसंग घडला असेल तर बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू कर, अठ्ठावीस दिवस घे, चल, माझ्याबरोबर आत्ता चल. वर्षाचे आमचे खरे आकडे त्याचेच.

तोच मला एकदा ३७वी अव्हेन्यू आणि ७८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर घेऊन गेला. तिथे हुलियो रिवेराच्या नावाची पाटी आहे. १९९० साली या पोर्तोरिकन समलिंगी तरुणाचा इथल्याच एका शाळेच्या आवारात खून झाला. त्यानंतर वस्ती पेटून उठली आणि १९९३ पासून जॅक्सन हाइट्समध्ये क्वीन्सची प्राइड मिरवणूक निघते. पाटीखाली उभा राहून तो म्हणाला, ‘माझ्या आईला वाटतं, मी औषधाच्या दुकानात काम करतो.’

तो आणि मी, दोघं वेगवेगळ्या टोकांना काम करतोय असं मला वाटायचं. मग लाँड्रीतल्या एका बाईने, जिने स्वतः तीन महिने तपासणी टाळली होती, घड्या घालता घालता हळूच विचारलं, की ती गोळी, रोज घ्यायची, लागण होऊ न देणारी, ती तरुण मुलांना मिळते का. ‘माझ्या एका मैत्रिणीच्या मुलासाठी.’ दोन्यांनी विचारलं, मैत्रिणीचा मुलगा किती वर्षांचा? ‘एकोणीस.’ तिने मान वर केली नाही. तिच्या हातातला शर्ट एकोणीस वर्षांच्या मुलाच्याच मापाचा होता. पुढच्या शुक्रवारी तो मुलगा आला, एकटा. माझ्या सहकाऱ्याने त्याला दवाखान्यात नेलं. ऑफिसच्या तक्त्यात हे लिहायला रकानाच नव्हता, म्हणून दोन्यांनी मला भांडायला पाठवलं. रकाना मिळाला नाही. लाँड्रीचा मंगळवार तेवढा वाचला.

ती गोळी म्हणजे प्रेप. अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली तेव्हा एकच कंपनी विकत होती आणि महिन्याची किंमत हजार डॉलरच्या पुष्कळ वर होती. विमा नसलेल्यांसाठी न्यूयॉर्क राज्याची मदत आहे, पण ‘राज्याची मदत’ हे शब्द ऐकले, की माणसं उठून जायची. २०२१ मध्ये जेनेरिक गोळ्या भराभर आल्या. एकदा एका एक्वादोरियन काकांनी डबी डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली आणि मला म्हणाले, ‘इंदू, ही तुझ्या गावाहून आलीय की!’ गोळी भारतात बनलेली होती. मग मी त्यांना मुंबईच्या सिप्लाची गोष्ट सांगितली. २००१ साली युसुफ हमीद यांनी एड्सची तिहेरी औषधं दिवसाला एक डॉलरहूनही कमी दराने द्यायची तयारी दाखवली, त्या काळी श्रीमंत देशांत वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत असताना. काका ऐकून म्हणाले, ‘मग तू ते सोडून इथे कशाला आलीस?’

लाँड्रीतला पहिला दुसरा ठिपका उमटला तो मी टोचलेल्या बोटाच्या थेंबातून. पन्नाशीच्या बाई, ऑफिसं झाडणाऱ्या. दोन ठिपके दिसल्यावर मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं : ‘ही प्राथमिक तपासणी आहे, प्रयोगशाळेत पक्की करावी लागेल.’ त्यांनी विचारलं, ‘पोसितिवो म्हणजे?’ मला उत्तर देता येईना. दोन्या आल्या, शेजारी बसल्या आणि पहिली दहा मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. ड्रायर थांबला. त्या बाई उठल्या, कपडे काढले आणि घड्या घालायला लागल्या. आम्ही दोघींनीही घड्या घातल्या. चादर दोन टोकांनी धरावी लागते, ती मी धरली. मग बाई म्हणाल्या, ‘आता माझे कागद होणार नाहीत.’

मला वाटलं होतं, त्या मरणाबद्दल विचारतील. दोन्यांनी मला नंतर समजावलं. १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश बंद होता. ग्रीन कार्डासाठी वैद्यकीय तपासणी व्हायची, तिच्यात ही तपासणी सक्तीची. वस्तीतल्या जुन्या माणसांनी आयुष्यात एचआयव्हीची एकच तपासणी ऐकली होती, ती म्हणजे इमिग्रेशनच्या डॉक्टरची. ती बंदी ४ जानेवारी २०१० ला उठली, पण उठल्याचं कुणी घरोघरी येऊन सांगितलं नव्हतं. आमच्या एकाही पत्रकात ते नव्हतं. निरोध कसा घालावा याची सहा चित्रं मात्र होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर ट्रेनने दवाखान्यात गेले. निकाल पक्का झाला, औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. रोज एक गोळी. काही महिन्यांनी रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला. अशा माणसाकडून शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय. इकडे त्याचं घोषवाक्य आहे, ‘इन्देतेक्ताब्ले इगुआल आ इन्त्रान्समिसिब्ले’. स्पॅनिशमध्ये ते लयीत येतं. मराठीत मी खूप डोकं खाजवलं, ‘सापडत नाही म्हणजे पसरत नाही’ याच्या पुढे गेले नाही. नवऱ्याचं काय झालं ते लिहीत नाही, ते त्यांचं आहे. बाई अजून मंगळवारी येतात. ‘मला गरज नाही’ म्हणणारी नवी कुणी आली तर त्या काही बोलत नाहीत, नुसती खुर्ची सरकवून जागा देतात.

मग भीतीचा हंगाम आला. सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारायचा कडक नियम येणार, अशी बातमी २०१८ मध्ये फुटली. नियम २०१९ च्या ऑगस्टमध्ये छापून आला, फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला. एवढ्या मुदतीत माणसांनी आपली नावं आपणच काढून घेतली. ज्यांना तो नियम लागूच नव्हता त्यांनीही. औषधाच्या योजनेत कागदपत्रं विचारत नाहीत हे आम्ही सांगून थकलो. शेवटी लाँड्रीतल्या टेबलावर आरोग्याचं साहित्य एका बाजूला सारून महिन्यातून एकदा वकील बसवला. त्या दिवशी सर्वांत जास्त बोटं पुढे यायची. इतरांना कसली धाकधूक होती ते मला कळत होतं, कारण माझाही व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला होता. मार्च २०२० मध्ये कोविड आला, आणि तो याच वस्तीवर फार जोरात कोसळला. लाँड्रीतलं टेबल बंद. आम्ही घरी करायचे तपासणी संच आणि तांदळाच्या पिशव्या एकत्रच पोचवल्या. त्या वर्षाबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

आता माझी गोष्ट. रूझवेल्ट अव्हेन्यूपासून दोन मिनिटांवर ७४वा रस्ता, म्हणजे पटेलांचं दुकान, कढीपत्ता, सोन्याचे दागिने. न्यू जर्सीपासून मराठी माणसं तिथे खरेदीला येतात. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, की मी सांगायचे, ‘हेल्थमध्ये आहे.’ लोक समजायचे हॉस्पिटलचं बिलिंग. पाच वर्षं मी तेच समजू दिलं. ओळखीचा चेहरा दिसला, की वाडगा टेबलाखाली जायचा. दोन्यांनी ते कितीदा बघितलं असेल कोण जाणे. एकदाच म्हणाल्या, ‘ते दुकानदार नाहीत ना गं, ज्यांचं देणं आहे तुझ्यावर?’

२०२३ च्या ऑक्टोबरात आमची व्हॅन तिथल्याच डायव्हर्सिटी प्लाझा या चौकाजवळ होती. आता शुगर आधी, बाकीचं मागून. पाटी दोन्यांनी बदलून घेतली होती, तिच्यावर ‘एका मिनिटात’ नव्हतं. मंडळातल्या एक काकू पटेलांकडची पिशवी घेऊन समोर उभ्या राहिल्या. वाडगा काढायला वेळच मिळाला नाही.

‘अगं, तू इथे काय करतेस?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि एचआयव्ही हा शब्द मराठी वाक्यात इतक्या वर्षांनी उच्चारताना माझा आवाज बदलला ते मला ऐकू आलं. वरून ट्रेन गेली. ती जाईपर्यंत दोघी गप्प. मग काकू म्हणाल्या, ‘शुगर बघता का? माझी परवा दोनशेवर होती.’ त्या बसल्या. मी बोट टोचलं, आकडा सांगितला, आणि सवयीने पुढचं वाक्य मराठीत म्हटलं : आणखी एक थेंब घेऊ का?

‘मला काय गरज गं? ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली.’

दोन्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. त्या व्हॅनच्या पायरीवर बसून कॉफी पीत होत्या. तिथूनच विचारलं, ‘गरज नाही म्हणाली ना?’ मी हो म्हटलं. दोन्या उठल्या, काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या पिशवीतली कढीपत्त्याची जुडी वर काढून वास घेतला. हे कशात घालतात, असं त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं. काकू मराठीत सांगायला लागल्या.

फोडणीपर्यंत पोचल्यावर काकूंनी पर्स मांडीवर घेतली आणि बांगड्या कोपराकडे सारल्या.